कीर्तनालाच गळणारी जीप

या, असे पुढे सरकून बसा. खांबाआड बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही. बुवांचा फेटा अजून बांधून व्हायचाय, टाळकऱ्यांचा चहा व्हायचाय. कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो, एका जीपची. हसायला येईल, तर खुशाल हसा. देवळात हसलेलं देवाला आवडतं, असं आमच्या यमुनाक्का म्हणायच्या, आणि गोष्ट त्यांच्याच जीपची आहे.

त्या सकाळी जीप माझ्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली आणि अक्का खाली उतरायच्या आधीच मला जळक्या ऑईलचा वास आला.

"दिनू, परत गळली," अक्का म्हणाल्या.

"कुठे गेला होतात?"

"कुठे जाणार? कीर्तनाला. वर, खडकवाडीला."

मी कपाळाला हात लावला. हाताला ग्रीस होतं, ते कपाळावर उमटलं. अक्का म्हणाल्या, "छान दिसतोय बुक्का."

अक्का अशा. नऊवारी लुगडं, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात स्टेअरिंग. आमच्या आजरा भागात बाई कीर्तन करते याचं लोकांना फार नवल नव्हतं. बाई कीर्तनाला स्वतः जीप चालवत येते याचं होतं. त्यांच्या यजमानांचा जंगलातल्या लाकडाचा ठेका होता. ते गेले, ठेका गेला, चारी चाकांना जोर असलेली ती जुनी जीप राहिली. डोंगरावरच्या वाड्यांना रस्ता असा नव्हताच, धोंड्यांमधून गेलेली वाट होती. बाकीचे कीर्तनकार एस.टी. जिथे थांबते तिथे थांबायचे. अक्का तिथून पुढे निघायच्या. वरच्या वाड्यांना वर्षातून एखादं कीर्तन ऐकायला मिळायचं, ते त्या जीपमुळे.

आणि ती जीप गळत होती.

आता गळणारं इंजिन मी काही पहिल्यांदा बघत नव्हतो. पण ही गळती वेगळीच होती. मी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. खालच्या चेंबरचं बदललं. जीप घेऊन बाजारात फिरलो, धरणावर जाऊन आलो. थेंब नाही. अक्का कीर्तनाला गेल्या आणि जीप परत आली ती ऑईलनं माखून. "चढताना गळते रे, उतरताना नाही," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, सापडलं! चढावर गाडी मागे कलते, ऑईल मागे धावतं, म्हणजे मागचं सील गेलंय. इंजिन खाली उतरवलं, सील नवं घातलं, मागे वाळूची पोती टाकली आणि स्वतः म्हसोबाच्या चढणीवर जीप चढवली. इंजिनाखाली पांढरा कागद अंथरून बसलो. कागद कोराच.

पुढच्या कीर्तनाला परत गळली.

गावाला चेष्टेला विषय मिळाला. चहाच्या गाड्यावर लोक विचारायचे, "मिस्त्री, तुमची जीप नास्तिक हाय काय हो? कीर्तन म्हटलं की हिला घाम फुटतोय."

अक्कांनी त्याच्यावर कडी केली. एका कीर्तनात भक्ताच्या अंगी उमटणारे आठ सात्त्विक भाव सांगताना म्हणाल्या, "डोळ्यांतून धारा लागतात, अंगाला घाम सुटतो, कंप येतो. खोटं वाटत असेल तर बाहेर माझी जीप उभी आहे, बघून या." देऊळ हसून हसून आडवं झालं. मीही हसलो, पण माझ्या मिस्त्रीच्या मनाला ते आतून कुरतडत होतं.

सर्वांत जास्त बोलायचे ते तातोबा गुरव. अक्कांचे पखवाजवादक. देवळाची पूजाअर्चा सांभाळून पखवाज वाजवायचे, आणि हात असा, की त्यांनी धुम्यावर, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या बाजूवर, थाप टाकली की समोरच्या टाळकऱ्यांच्या छातीत घुमायचं. माणूस लाजाळू. चारचौघांत मान वर करायचे नाहीत. पण माझ्यावर त्यांचा राग होता.

"दिनकरा, पॅकिंग नीट बशीव की रं," ते म्हणायचे. "अक्कास्नी वाटंत तरास हुतोय."

"बसवलंय तातोबा. तुम्ही तुमचा पखवाज बघा."

"पखवाज गळत न्हाई माजा."



सगळं असं हसण्यावारी चाललं होतं, तोवर एकदा चढताना ऑईल इतकं गेलं की परत उतरताना इंजिन तापून जंगलातच बंद पडलं. अक्का त्या धोंड्यांच्या वाटेनं पायी खाली आल्या. गुडघे सुजले. आणि कोल्हापूरहून त्यांचा मुलगा आला, अरविंद.

अरविंद वाईट नव्हता. आईच्या गुडघ्यांना तेल चोळत बसला होता, मी गेलो तेव्हा. त्यानं मला विचारलं, "दिनूदा, खरं सांग. ही गळती तुला सापडलीय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मी आईला हिच्यावर सोडून तिकडे झोपू कसा?"

गारगोटीकडचा एक हौशी माणूस अशा जुन्या जीपा विकत घेत असे. त्याला गाडी बघायला सोमवारी बोलावलंही होतं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रविवारी उंबरठावला सप्ताहाचं काल्याचं कीर्तन आहे. मी शब्द दिलाय. तेवढं होऊ दे. तूही चल. जाताना ही परत गळली, तर मी माझ्या हातानं किल्ली तुझ्या हातात ठेवीन. एक शब्द बोलणार नाही."

"आणि नाही गळली तर?"

"तर तू एक शब्द बोलायचा नाहीस."

मी मधेच म्हणालो, "मीही येतो. ही कीर्तनाला जातानाच गळते, तर मला कीर्तनाला जातानाच बघायची आहे."

शनिवारी मी इंजिन रॉकेलनं धुऊन लखलखीत केलं. खडूची भुकटी पाण्यात कालवली आणि ब्रशानं इंजिनाच्या सांध्यासांध्यावर फासली. वाळल्यावर सगळे सांधे पांढरेशुभ्र दिसू लागले. जिथून ऑईल निघेल तिथे खडू काळा पडणार. चोर पावलं उमटवल्याशिवाय जाणार नाही. अक्कांनी बॉनेटखाली डोकावून बघितलं.

"दिनू, इंजिनाला गंध लावलंस की रे!"

रविवारी सकाळी निघालो. अक्का स्टेअरिंगवर, शेजारी तातोबा, मागे मी आणि अरविंद, आमच्या मांडीवर पखवाज. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे डांबर संपतं, तिथे तातोबांनी जीप थांबवायला लावली. तिथे ते नेहमी थांबवत. गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, प्रदक्षिणा घातली आणि डाव्या चाकापाशी वाकून बराच वेळ नमस्कार केला. मी मनात म्हटलं, माणसानं भाविक असावं तर असं.

चढण लागली. धोंड्यांवरून जीप बैलासारखी डुलत चालली. अक्का लुगड्याचा काष्टा सावरत गियर टाकत होत्या आणि गुणगुणत होत्या. थोडं वर गेल्यावर हवेत एक खमंग वास आला, तव्यावर पोळी भाजल्यासारखा.

"आला बघ!" अक्का खुशीत म्हणाल्या. "उंबरठावला आपल्यासाठी स्वयंपाक लागला. या चढणीला वास येतोच. अगदी नियमानं."

"एवढ्या लांबून?" अरविंद म्हणाला.

"माया असली की येतो."

तातोबा खिडकीबाहेर बघत होते.

अर्ध्या वाटेवर झरा आहे. तिथे अक्कांनी जीप थांबवली. "दिनू, बघ बाबा. काय असेल ते असेल."

मी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि बॉनेट उघडलं. आणि बघतच राहिलो. वरचं झाकण, पुढचं सील, मागची बाजू, चेंबरचा सांधा. जिथे जिथे म्हणून मी खडू फासला होता, तिथे तिथे तो काळा पडलेला. एका सांध्यातून नव्हे, सगळ्यांतून एकदम पाझर. खालच्या धोंड्यावर थेंब टपटपत होते.

अरविंदनं ते पाहिलं आणि मान फिरवली. "गळली," एवढंच म्हणाला. त्यात आनंद नव्हता.

पण माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला होता. एक पॅकिंग गेलं तर एका ठिकाणी गळतं. सगळी पॅकिंगं एकाच चढणीवर कशी जातील? म्हणजे पॅकिंगांचा दोष नाही. आत कुणीतरी कोंडलं गेलंय आणि वाट फुटेल तिथून बाहेर येतंय. मी ऑईल मोजायची पट्टी धरून वर ओढली. फस्स करून आतली वाफ उसळली आणि ऑईलचा सडा माझ्या तोंडावर, शर्टावर, धुवट टोपीवर!

"अरे अरे अरे!" अक्का ओरडल्या. अरविंद हसू दाबायला झऱ्याकडे वळला.

"अक्का, इंजिनाचा श्वास कोंडलाय!" तोंड न पुसताच मी ओरडलो. "आतली वाफ बाहेर सोडायला नळी असते. ती बुजलीय. पण ती मी दर वेळी फुंकून बघितलीय हो! गॅरेजात ती साफ असते!"

मी जीपखाली घुसलो. ती नळी डाव्या चाकामागे खाली उतरते, सायलेन्सरच्या पाइपाला अगदी खेटून. हात घातला तर टोकाला काहीतरी कडक गोळा. चामड्याची वादी गच्च आवळून बांधलेला. वादी सोडवली, गोळा काढला, तशी नळीनं दीर्घ निःश्वास टाकावा तसा धूर सोडला, आणि इंजिनाचा आवाजच बदलला. मोकळा झाला.

मी बाहेर आलो. हातातला गोळा गरम होता, तांबूस भाजलेला होता, आणि खमंग वासाचा होता. अरविंदनं तो हातात घेऊन मोडला.

"ही पोळी आहे," तो म्हणाला.

"पोळी नाही," मी म्हटलं. "कणीक आहे. भिजवलेली कणीक, भाजून निघालेली."

कणीक. पखवाजाच्या धुम्याला आवाज घुमावा म्हणून कीर्तनाआधी भिजवलेली कणीक लावतात. वाजवून झालं की खरवडून काढतात. आमच्यात कणीक भिजवून बरोबर आणणारा माणूस एकच होता.

आम्ही तिघांनी एकदम तातोबांकडे बघितलं. तातोबा जीपच्या पलीकडे सरकले.

"तातोबा," अक्का म्हणाल्या, "हे काय?"

 तातोबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, "अक्का, गेल्या साली उंबरठावला तुमचा गळा बसला. ध्यानात हाय?"

"आहे की."

"आख्यान अर्ध्यावर सोडाय लागलं. मंग तुमी देवळामागं जाऊन रडलासा. मी बघितलं. मी म्हटलं, गळा का बसला? तर ह्या जीपच्या बुडातनं धूर आत येतोय. चढावर लई येतोय. तुमी खोकत खोकत वर जातायसा. मी वाकून हुडकलं. ह्या नळीतनं यीत हुता. मंग निघायच्या आधी कणकीचा गोळा बसवायचा आन् वादी आवळायची. आत धूर बंद."

"आणि गॅरेजात नळी साफ कशी असायची?" मी विचारलं.

"कीर्तन झालं की पखवाजाची काढतो तवाच हितलीबी काढायची. उतरताना तुमास्नी कुटं गायचं असतंय? आन् अन्न हाय ते. इंजनात ठिवून कसं चालंल? मुंग्यास्नी घालतो."

"तातोबा, मला एका शब्दानं सांगायचं होतं!"

"भोकाला बूच मारलं, त्यात सांगायचं काय रं?" ते कळवळून म्हणाले. "मला काय ठावं इंजनालाबी श्वास घ्यावा लागतोय! मला वाटलं ती चिमणी हाय." आणि त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. "म्हंजी जीप माज्यामुळं गळाय लागली. अक्का पायी उतरल्या त्या माज्यामुळं. मी जातो परत. ह्या हातानं आता पखवाज न्हाई."

 मग अक्का हसायला लागल्या. आधी हळू, मग पोट धरून, धोंड्यावर बसून. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो तातोबा, माझा गळा सांभाळायला गेलात आणि गाडीचा दाबलात! आणि मी वर्षभर कीर्तनात सांगतेय, देवाच्या कृपेनं हल्ली चढणीला माझा गळा धरत नाही म्हणून. देव शेजारीच बसला होता की, कणीक घेऊन!"

तातोबांना हसू आवरेना आणि रडूही आवरेना. अरविंद माझ्या ऑईलनं माखलेल्या तोंडाकडे बघून हसत सुटला. माझ्या पिशवीत रबरी नळीचा लांब तुकडा होता. तो मी इंजिनाच्या नळीला जोडला, चासीच्या कडेनं पार मागे नेला. धूर मागे जाणार, इंजिन श्वास घेणार, अक्कांचा गळा मोकळा राहणार. नळी बांधायला तार शोधत होतो, तर तातोबा पुढे झाले. "सर बाजूला. वादी मी आवळतो. तुजी गाठ सुटंल." ऑईल पुरतं भरलं, खडूचे काळे सांधे पुसून पुन्हा पांढरे केले.

"चला," मी म्हटलं.

अक्का जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी किल्ली काढली आणि अरविंदच्या हातावर ठेवली.

"आई, आता कारण कळलंय..."

"गळली का नाही?"

"गळली, पण..."

"उभी राहून लोकांना सांगते, बोललात तसं वागा म्हणून. आणि शब्द फिरवू? गाडी तुझी. सोमवारी काय करायचं ते कर." आणि त्या जाऊन मागच्या बाजूला, माझ्याशेजारी, पखवाज मांडीवर घेऊन बसल्या. त्यांचा चेहरा हसराच होता, पण पखवाजाच्या चामडी वाद्यांवरून बोटं उगीचच फिरत होती.

अरविंद स्टेअरिंगवर बसला. ती वाट त्यानं कधीच चालवली नव्हती. मागून अक्का सांगायच्या, "डावा धोंडा चाकाखाली घे. घाबरू नकोस. आता सोड. हां! अस्सं!" तो घामाघूम. एका वळणावर जीप इतकी कलली की तातोबांनी विठ्ठलाचा धावा केला. पण चढली. वर पोचलो, मी उडी मारून बॉनेट उघडलं. पांढरे सांधे पांढरेच.

"कोरडी!" मी ओरडलो. उंबरठावच्या लोकांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वाडीची एक रीत आहे. कीर्तनकाराला डोंगर चढवून जो वर आणतो त्याच्या पायांवर आधी पाणी घालायचं, पहिला बुक्का त्याला, आणि कीर्तनात टाळ घेऊन त्यानं सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं. इतकी वर्षं हा मान अक्कांचाच होता. त्या दिवशी बाया घागर घेऊन आल्या आणि अरविंदच्या पायांवर पाणी घातलं. तो मागे सरकत होता, "अहो, मी नाही, मी नुसता..." पण कोण ऐकतंय? वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, म्हाळसाआजी, कुणाचा तरी हात धरून पुढे आली. त्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि चेहरा चाचपून म्हणाली, "तुज्या बानं पयल्यांदा हीच गाडी वर आणली, तवा पोरं भिऊन पळाली हुती. त्यानं अक्काला आणलं. आता तू आणलंस. बरं झालं. आमास्नी वाटलं हुतं, अक्का थकल्या म्हंजी आमचं कीर्तन संपलं."

 अरविंदच्या हातात टाळ दिले गेले.

काय कीर्तन झालं हो ते! अक्कांचा आवाज त्या उघड्या डोंगरावर घंटेसारखा वाजत होता. मध्येच त्यांनी कणकीची हकीकत सांगितली, नाव न घेता. पण तातोबा लाजून पखवाजाआड लपायला बघत होते, त्यामुळे सगळ्यांना कळलंच. शेवटच्या गजरात त्यांनी अशी थाप टाकली की झाडावरचे कावळे उडाले. अरविंद सुरुवातीला टाळ चुकवत होता. मग चुकेना. मग डोळे मिटून नाचायलाच लागला, पँट गुडघ्यापर्यंत वर गेलेली, कपाळावर बुक्का आणि घाम. दहीहंडी फुटली, काला वाटला, उन्हं कलली तरी लोक नाचतच होते.

उतरायची वेळ झाली. अक्का गुपचूप मागच्या बाजूला चढायला लागल्या. अरविंदनं अडवलं.

"आई, गाडी माझी ना?"

"तुझी."

"हिचं काय करायचं ते मी ठरवणार?"

"ठरव की."

"मग सोमवारी त्या माणसाला सांगतो, येऊ नको म्हणून. आणि माझी गाडी वाडीवाडीला न्यायला मी एक चालक ठेवणार आहे. जुनी बाई आहे. गुडघे कुरकुरले की तिनं मला कोल्हापूरला निरोप धाडायचा, मी येऊन चालवीन. पण या चढणीवर नाही हां. इथे तूच." आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, बुक्का तेवढा राहू दिला, आणि स्टेअरिंगवर जाऊन बसल्या.

जीप पुढे बरीच वर्षं वरच्या वाड्यांना गेली. तातोबांचा डाव्या चाकाचा नमस्कार चालूच होता. फक्त आता ते उठून जीपच्या मागे जायचे, रबरी नळीच्या टोकाला तळहात लावून बघायचे आणि अक्कांना सांगायचे, "श्वास घेतीया." मगच अक्का गियर टाकायच्या.

अक्कांचं नाव सगळे काढतात. त्यांचा फोटो या देवळात लावलाय, तो बघा तिथे. तातोबांचा फोटो कुणी काढलाच नाही. आता टाळ वाजायला लागले, बुवा उभे राहतील. देवाला हात जोडाल, तेव्हा तुमचं मागणं मागून झालं की एकदा तातोबा गुरवाची आठवण काढा. मनातल्या मनातच काढा. मोठ्यानं नाव घेतलेलं त्यांना सोसायचं नाही, लाजायचे फार.